कुलूप कोणाचे?

मुलांसाठी घरच्या संगणकावर निर्बंध घालणारा बाप परवलीचा शब्दच विसरतो. संगणक तो शब्द जसाच्या तसा जपत नाही, त्याची गणिती खूण तेवढी ठेवतो. म्हणून तो वाचता येत नाही, नवाच द्यावा लागतो. आणि तो कसा द्यावा, हे बहुधा पोरालाच ठाऊक असते!

मग कुलूप राहिले कोणाचे? उघडता येत असूनही पोराने ते उघडले नसेल, तर खरा पहारा त्याच्या मनाचा होता. उघडले असेल, तर बापाचा पहारा केव्हाच संपला होता.

२०२२ साली आमच्या वऱ्हाडातल्या यवतमाळ जिल्ह्यात बान्शी गावाने १८ वर्षांखालील मुलांना मोबाईलबंदी केली. त्याच वर्षी सांगलीकडे मोहित्यांचे वडगाव येथे सायंकाळी ७ वाजता भोंगा वाजू लागला, अन् थोरांचेही दूरचित्रवाणी संच व मोबाईल दीड तास बंद राहू लागले. मला वडगावची रीत अधिक प्रामाणिक वाटते. तेथे किल्ली कोणा एकाच्या खिशात नाही.

अकोल्याच्या बापाने सरळ म्हणावे, “बाबू, मी शब्द इसरलो, चाल, दोघं मिळून नवा लावू.” पोरगा विचारीलच, “मंग तो मलेबी सांगसान काय, बाबा?”