मौनं सर्वार्थसाधनम्

बँकेच्या काउंटरवर मी अत्यंत प्रामाणिक माणूस आहे. एखाद्या पेन्शनर आजोबांनी भरण्यात पाचशेची एक नोट जास्त दिली, तर मी त्यांना जिन्यावरून परत बोलावतो. (याला माझा स्वभाव जसा कारण आहे, तशी संध्याकाळी जुळवावी लागणारी कॅशही. प्रमाण विचारू नका.)

रात्री साडेदहानंतर मात्र मी पोस्टाची तिकिटं जमवतो. नाशिककराला हा नाद लागला तर नवल नाही. आमच्या नाशिकरोडच्या प्रेसमध्ये १९२६ पासून तिकिटं छापतात. फक्त स्वदेशीचा मंत्र देणाऱ्या गांधीजींची १९४८ ची तिकिटं तेवढी स्वित्झर्लंडहून छापून आली! त्यातलं दहा रुपयांचं म्हणजे आम्हा संग्राहकांची पंढरीच.

तर मोबाइलवर निव्वळ तिकिटांचे लिलाव करणारी एक चिमुकली साइट आहे. ‘बाझी’ला २००४ साली ईबेनं गिळलं, आणि २०१८ साली खुद्द ‘ईबे डॉट इन’ बंद झालं. तिथं चिमुकल्यांचं काय! लिलावाला माणसं लागतात. लासलगावला कांद्याच्या एका ट्रॅक्टरमागं व्यापाऱ्यांचा घोळका चालतो. आमच्याकडं एका वहीमागं दोन माणसं, त्यातला एक विकणाऱ्याचा मेहुणा असण्याचा दाट संभव.

एका रात्री तिथं ‘जुन्या तिकिटांची वही, रु. ३००’ दिसली. फोटो अंधुक, पण कोपऱ्यात दहा रुपयांचे गांधीजी! विकणाऱ्याला पत्ता नसावा. त्याला सांगावं का? बी.कॉम.ला मालविक्रीचा १९३० चा कायदा शिकलो होतो. घेणाऱ्यानं सावध राहावं, हे त्यात होतं. विकणाऱ्याला सावध करावं, असं काही आठवेना. (तेही नेमक्या त्या रात्री!) साडेचारशेला वही माझी झाली.

“अहो, काउंटरवर पाचशे परत करता ना?” सौ. म्हणाल्या.

“तिथं मला कुणी विचारत नाही, मी देतो. इथंही कुणी विचारलं नाही.”

“म्हणून दिलं नाहीत.”

झोप लागली नाही. पार्सल आलं, चिमट्यानं तिकीट उचललं. पाठीमागं डिंक नव्हता; कुठल्याशा मासिकातल्या लेखाच्या साडेतीन ओळी होत्या. दाते कात्रीनं पाडलेले.

मी खवळलो. तक्रार लिहायला बसलो आणि पहिल्याच वाक्याला अडलो. त्यानं ‘जुन्या तिकिटांची वही’ म्हटलं होतं. त्यात खोटं काय? फसवलं म्हणायचं, तर मी काय ओळखलं होतं आणि ओळखून गप्प का बसलो, तेही लिहावं लागणार. तोही गप्प, मीही गप्प. फरक एवढाच, की त्याचं गप्प बसणं फळाला आलं.

तेवढ्यात साइट चालवणाऱ्या मुलाचाच फोन आला. “काका, तेवढे तारे द्या ना. आणि भांडू नका हो. विकणारा गेला की घेणारे जातात. या महिन्यात तुम्ही दोघंच आहात.”

“किती दिलेत?” सौ.नी विचारलं.

“पाच.”

“त्याला?”

“त्यानंही मला पाचच दिलेत. ‘उत्तम ग्राहक’ म्हणून.”