कॅमेऱ्याला तारतम्य नसतं

अमेरिकन फुटबॉलच्या एनएफएल या लीगच्या सामन्यात वादग्रस्त निर्णय झाला की पुढची चर्चा ठरलेली असते. एक गट म्हणतो, सामना आधीच विकला गेला होता. त्याच्यावर शाई खर्च करण्यात अर्थ नाही. दुसरा म्हणतो, रेफरीही माणूसच, सोडून द्या. हा सल्ला देणारे सहसा जिंकलेल्या संघाचे असतात. तिसरा गट मात्र शहाणा समजला जातो, म्हणून भांडायचं ते त्याच्याशी. कॅमेरे वाढवा, जे जे होईल ते रिप्लेवर तपासा, माणसाच्या डोळ्यावर विसंबू नका, असं त्याचं म्हणणं.

हा प्रयोग होऊन गेलाय, हे ही मंडळी सोयीने विसरतात. २० जानेवारी २०१९ला न्यू ऑर्लिन्सच्या सुपरडोममध्ये सेंट्स आणि रॅम्स २०-२० असे बरोबरीत होते. दोन मिनिटांहून कमी वेळ उरला होता. रॅम्सच्या निकेल रोबी-कोलमनने चेंडू पोचायच्या आतच टॉमीली लुईसला आडवं केलं. फाउल दाखवणारा पंचांचा पिवळा रुमाल काही पडला नाही. जादा वेळेत रॅम्स २६-२३ने जिंकले आणि सेंट्सचा सुपर बोल, म्हणजे हंगामाचा अंतिम सामना, हुकला. आपण आधीच धडकलो हे रोबी-कोलमनने कबूल केलं, लीगने त्याला २६,७३९ डॉलर दंडही केला. प्रेक्षक कोर्टात गेले, तिथेही हात हलवत परतले. मार्चमध्ये संघमालकांनी ३१ विरुद्ध १ मतांनी ठरवलं की पास इंटरफिअरन्सचाही, म्हणजे पास झेलणाऱ्याला अडवल्याचाही, रिप्ले पाहायचा. एका हंगामात सगळे इतके वैतागले की २०२०मध्ये तो नियम कुणी पुढे चालू ठेवला नाही.

कॅमेरे कमी पडले का? मुळीच नाही. चेंडू हवेत असताना दोघांनाही त्याच्यामागे धावायचा हक्क असतो, त्यामुळे थोडी धक्काबुक्की नियमालाच मान्य आहे. धक्का लागला का, हे कॅमेरा सांगतो. तो चालण्यासारखा होता की नव्हता, हे कुणीतरी ठरवावं लागतं. पाय रेषेबाहेर पडला का, चेंडू गोलरेषेपलीकडे गेला का, ही तथ्यं आहेत. तिथे रिप्ले हवाच, त्याला माझा विरोध नाही. इंटरफिअरन्स आणि होल्डिंग, म्हणजे प्रतिस्पर्ध्याला धरून ठेवणं, हा तारतम्याचा प्रांत आहे.

यावर कॅमेरावादी म्हणतात, मग चित्र आणखी हळू फिरवा. पण धावत्या खेळाडूला क्षणभरही वेळ मिळालेला नसतो आणि हळू फिरणाऱ्या चित्रात त्याला विचार करायला ऐसपैस वेळ मिळाल्यासारखं दिसतं. साधं कोपर लागलं तरी कट वाटावा! तारतम्य सोपं व्हायचं तर बाजूलाच राहिलं, आणखी अवघड होऊन बसतं.

फेब्रुवारी २०२३चा सुपर बोल घ्या. चीफ्स आणि ईगल्स ३५-३५, शेवटची दोन मिनिटं. ईगल्सच्या जेम्स ब्रॅडबेरीवर होल्डिंगचा रुमाल पडला आणि चीफ्स ३८-३५ने जिंकले. सामन्यानंतर ब्रॅडबेरीने सरळ सांगितलं, जर्सी ओढली होती. पंच सोडून देतील अशी आशा होती. म्हणजे तथ्याबद्दल गुन्हेगाराचंही दुमत नव्हतं. तरी ईगल्सचे चाहते भडकले, आणि माझ्या मते त्यांचं फारसं चुकलं नाही. एवढीशी ओढ इतर वेळी चालवून घेता, मग आत्ताच का नाही, हा त्यांचा सवाल होता. शंभर कॅमेरे लावले तरी या सवालाला उत्तर मिळणार नाही. ते रुमाल टाकणाऱ्यानेच द्यायचं असतं.

आणि तेच दिलं जात नाही. २०१९च्या त्या सामन्यानंतर मुख्य रेफरी बिल व्हिनोविच यांनी तो निर्णय जवळच्या पंचाचा होता, आपण स्वतः ते दृश्य अजून पाहिलेलं नाही, एवढंच सांगितलं. लीगचे आयुक्त रॉजर गुडेल जाहीरपणे बोलले ते दहा दिवसांनी. न्यू ऑर्लिन्सचा राग चुकीपेक्षा या गप्प बसण्यावर अधिक पोसला गेला, असं मला वाटतं. निदान निम्मा तरी. मालकांना कॅमेऱ्याचा खर्च परवडतो, कारण कॅमेऱ्याला उलट प्रश्न विचारता येत नाही.

कॅमेरे आहेत तेवढे पुरेत. सामना संपल्यावर त्याच रात्री रुमाल टाकणाऱ्या, किंवा न टाकणाऱ्या, पंचाला सगळ्या पत्रकारांसमोर बसवा आणि ‘इतकं चालतं, इतकं चालत नाही’ ही रेघ त्याने कुठे ओढली, ते त्याच्या तोंडून वदवा.