पाहुण्याची कुदळ

परोपकारासाठीं परदेशीं निघालेल्या मनुष्यानें प्रथम काय शिकावें? आपलें काम शिकावें व तेथील भाषा शिकावी, असें कोणीहि सांगेल. परंतु १९९७ सालीं दार-एस्-सलाम येथें नव्या स्वयंसेवकांच्या स्वागताचें काम आमच्याकडे आलें, तेव्हां या उत्तरानें आमचें समाधान होईना.

आम्ही टांझानियांत आदल्या वर्षींच आलों होतों. एका खेड्यांतील माध्यमिक शाळेंत गणित शिकवीत होतों. तेथें प्राथमिक शिक्षण स्वाहिलींत व माध्यमिक शिक्षण इंग्रजींत चालतें. त्यामुळें वर्गांत आम्ही पंडित, आणि वर्गाबाहेर पाऊल पडतांच मुके! पहिल्याच महिन्यांत एका सहकाऱ्यानें ‘आठ वाजतां’ जेवावयास बोलाविलें. स्वाहिली अंक पाठ झाल्याच्या अभिमानांत आम्हीं अधिक विचारलें नाहीं व रात्रीं आठाला त्याच्या दारीं उभे राहिलों. स्वाहिली घड्याळ सूर्योदयापासून चालतें. सकाळचे सात म्हणजे त्यांचा एक, आणि दुपारचे दोन म्हणजे आठ. सूर्योदयापासून घटका मोजणाऱ्या पूर्वजांच्या वंशजांना हें सुचूं नये, याची लाज वाटली. घरची मंडळी दुपारपासून खोळंबली होतीं. सहकाऱ्याची वृद्ध माता मात्र ‘पोले’ एवढेंच म्हणाली. दुसऱ्यास त्रास झाला असतां, दोष कोणाचाहि असो, हा शब्द उच्चारितात. मग आमच्या हातांवर पाणी घालून तिनें मक्याची उगाली नव्यानें शिजवून वाढली. त्रास तिला झाला होता, आणि सांत्वन आमचें चाललें होतें.

नव्या मंडळींस हें घड्याळ समजावून द्यावें काय? अवश्य द्यावें. आपल्या शिक्षणासाठीं दुसऱ्याच्या घरचें अन्न निववण्याचा अधिकार कोणासहि नाहीं. वर्गांतील अज्ञान तर मुलांना भोवतें. तें क्षम्य नव्हेच. परंतु अशा शंभर सूचना देऊन, ज्याला कोणाचेंच कांहीं नको असा स्वयंसेवक तयार करावा काय, हा प्रश्न निराळा आहे. आमच्या मतें करूं नये. जो कोणाचें घेत नाहीं, त्याचें घेणें लोकांना जड जातें. त्या रात्रीपर्यंत आम्ही गांवाचे उपकारकर्ते होतों. त्या रात्रीं ऋणी झालों. गांवकरी आमच्याशीं मोकळेपणानें बोलूं लागले ते त्यानंतर.

स्वाहिलींत म्हण आहे कीं, पाहुणा दोन दिवसांचा. तिसऱ्या दिवशीं त्याच्या हातीं कुदळ द्यावी. आळशी पाहुण्यास दिलेली ही ताकीद आहे, असें आम्ही प्रथम समजत होतों. पुढें तींतील दुसरा अर्थ दिसला: कुदळ घरचा मनुष्य देतो, आणि ती हातीं येण्यापूर्वीं दोन दिवस त्याच्या घरचें निमूटपणें खावें लागतें. आम्ही पहिल्या दिवशींच आपली कुदळ खांद्यावर टाकून आलों होतों!

नव्या मंडळींना आम्हीं घड्याळ तेवढें समजावून दिलें. आणखी काय लक्षांत ठेवावें, असें त्यांनीं विचारलें, तेव्हां आम्ही म्हणालों, तें तुमच्या शेजाऱ्यांना विचारा.