अतिथि कीं उतारू ?

ज्याच्या येण्याची तिथि ठरलेली नाहीं तो अतिथि, अशी या शब्दाची फोड आपल्याकडे परंपरेनें केली जाते. व्याकरणदृष्ट्या ती कितपत टिकेल हा वाद शब्दशास्त्रज्ञांवर सोंपवावा. व्यवहारदृष्ट्या ती मार्मिक आहे यांत शंका नाहीं. मनुस्मृतीनें तर अतिथीचें माप कालावरच बसविलें आहे : जो एकच रात्र राहतो तो अतिथि. न सांगतां यावें, परक्याच्या छपराखालीं रात्र काढावी आणि सकाळीं आपल्या वाटेनें जावें, असा हा व्यवहार. येणाऱ्याला कशाची तरी गरज आहे आणि ती दुसऱ्यानें भागवावयाची आहे, हा त्याचा गाभा. आतां ज्याच्या येण्याची तिथीच काय, पण घटकाही वर्षभर आधीं छापून प्रसिद्ध झालेली असते, जो गांवांत एकही रात्र काढीत नाहीं, ज्याचें अन्न, पाणी, अंथरूण, फार काय, नाटकगृहसुद्धां त्याच्याबरोबर पाण्यावरून येतें, त्याला त्या गांवाचा अतिथि म्हणावें काय ? आणि म्हणतां येत नसेल, तर त्याचें त्या गांवाशीं नातें तरी कोणतें ?

गेल्या शरदृतूंत भूमध्यसमुद्रावर सात रात्रींचा जलविहार आम्हांस सहकुटुंब घडला, तेव्हांपासून हा प्रश्न आमच्या मनांत घोळत आहे. हल्लीं आपल्या मध्यम वर्गाच्या घराघरांतून ज्याला 'क्रूझ' म्हणतात तोच हा प्रकार. मंडळींत आमच्या सौ., लंडनला राहणारी कन्या, जांवई, सहा वर्षांचा नातू आणि आमच्या अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आत्या होत्या. बार्सिलोनाला चढावयाचें आणि मार्सेय, लिव्होर्नो, चिव्हितावेक्किया, नेपल्स, पालेर्मो असें करीत पुन्हां बार्सिलोनाला उतरावयाचें. या यादींत फ्लॉरेन्स आणि रोम दिसत नाहींत याचें नवल वाटेल. परंतु लिव्होर्नो म्हणजे फ्लॉरेन्स आणि चिव्हितावेक्किया म्हणजे रोम असें समजण्याचा या धंद्यांत संकेत आहे. दोन्ही शहरें बंदरापासून तास-दीड तासाच्या वाटेवर आहेत.

हौसेखातर समुद्रावर हिंडण्याची कल्पना मुळांत जुनी. कलकत्त्यास जन्मलेला इंग्रज कादंबरीकार थॅकरे १८४४ सालीं पी. अँड ओ. कंपनीच्या खर्चानें कैरोपर्यंत जाऊन आला आणि त्यानें त्यावर पुस्तक लिहिलें. १८६७ त 'क्वेकर सिटी' या आगबोटीनें जी मंडळी न्यूयॉर्कहून पॅलेस्टाइनपर्यंत गेली तींत मार्क ट्वेन होता. ग्रीक अधिकाऱ्यांनीं रोगराईच्या भीतीनें त्या बोटीच्या उतारूंना पिरेअस बंदरांत उतरूं दिलें नाहीं. तेव्हां हा पठ्ठ्या तिघां सोबत्यांसह रात्रीं लपतछपत किनाऱ्यावर गेला, चांदण्यांत अक्रॉपोलिस पाहून आला आणि वाटेंत मळ्यांतलीं द्राक्षेंही चोरलीं. यजमानाचीं द्राक्षें चोरणाऱ्याला अतिथि म्हणतां येत नाहीं हें खरें. पण त्या भूमीशीं त्याचा कांहीं तरी संबंध जडला, भीतीचा कां असेना. पुढें १८९१ च्या जानेवारींत हॅम्बुर्गच्या आल्बर्ट बाल्लिननें 'औगुस्टा व्हिक्टोरिया' हें मोठें जहाज २४१ उतारूंसह सुमारें दोन महिने या समुद्रांत फिरविलें. हिवाळ्यांत अटलांटिक ओलांडणारे थोडे, जहाज मात्र पोसावेंच लागे. त्या रिकामपणांतून हा उद्योग वाढीस लागला.

आज एकेका जहाजांत पांच-सहा हजार उतारू मावतात. सकाळीं आठाच्या सुमारास जहाज लागतें, संध्याकाळीं पांच-सहाला सुटतें. छातीवर आंकड्याची चिकटपट्टी लावून, वाटाड्याच्या हातांतील निशाणावर नजर ठेवून माणसें गांवांत शिरतात. आणि दुपारच्या जेवणाचे पैसे आधींच भरलेले असल्यामुळें पुष्कळशीं जेवावयाला जहाजावर परततात. आम्हीही नेपल्सला परतलों. ज्या गांवीं आपण जेवत नाहीं आणि निजत नाहीं, त्या गांवाला आपल्यापासून काय मिळतें ? गर्दी मिळते. सांतोरिनी बेटाची वस्ती पंधरा-सोळा हजारांची. २०२४ च्या उन्हाळ्यांत कांहीं दिवशीं तितकेच, किंबहुना अधिक उतारू एका दिवसांत तेथें उतरले. तेव्हां २०२५ पासून दिवसाला आठ हजारांची मर्यादा घालण्यांत आली. दुब्रोव्निकनें जहाजें दोनांवर आणलीं. इटलीच्या सरकारनें ऑगस्ट २०२१ पासून मोठ्या जहाजांना व्हेनिसच्या जुन्या शहरासमोरून जाण्याची मनाई केली, आणि व्हेनिसनें २०२४ पासून कांहीं ठराविक दिवशीं रात्र न राहणाऱ्या पाहुण्यांवर पांच युरोंची पट्टी बसविली. मनुस्मृतीचा आणि व्हेनिसच्या नगरपालिकेचा निकष एकच निघावा ही मौज आहे : रात्र राहिलास तर ही पट्टी नाहीं, न राहिलास तर दे. त्या जुन्या शहरांत १९५१ सालीं पावणेदोन लक्ष माणसें राहत होतीं. आतां पन्नास हजारही उरलीं नाहींत. बार्सिलोनाच्या रहिवाशांनीं जुलै २०२४ मध्यें तर प्रवाशांवर पिचकाऱ्यांनीं पाणी उडविलें, आणि तें कांहीं रंगपंचमीच्या प्रेमानें नव्हे.

आमची कन्या हिशोबाच्या धंद्यांत आहे. ती म्हणाली, "बाबा, आपण पूर्ण पैसे मोजले आहेत. आपण कुणाचं लागतो असं तुम्हांला कां वाटतं ?" हा आक्षेप उडवून लावण्यासारखा नाहीं. पैशाचा मोठा गुणच हा कीं तो दिल्यावर माणूस मोकळा होतो. खाणावळींत जेवणाऱ्याला जन्मभर मिंधें राहावें लागत नाहीं, आणि अतिथिधर्माच्या जुन्या गोष्टींत यजमानाच्या घरांतील बायकांचे किती हाल होत, हें त्या गोष्टी सांगणाऱ्यांनीं फारसें सांगितलेलें नाहीं. पण पैसे दिले ते कंपनीला. नेपल्सच्या ज्या गल्लींतून आम्ही चारशें जण एकामागून एक गेलों, त्या गल्लींतील म्हातारीला आपली खुर्ची दारांतून आंत ओढून घ्यावी लागली. तिच्याशीं आमचा करार झालेला नव्हता. शिवाय पैसा नातें फेडतो म्हणावें, तर आधीं नातें असलें पाहिजे. येथें तें निर्माण होण्यापूर्वींच फेडून टाकण्याची व्यवस्था आहे.

तथापि जहाजाची बाजू मांडली पाहिजे. आत्यांचे दोन्ही गुडघे निकामी झाले आहेत. साऱ्या आयुष्यांत कोल्हापूर आणि पुणें यांपलीकडे त्या फारशा गेल्या नाहींत. जहाजावर चाकांच्या खुर्चीला कोठें पायरी आडवी आली नाहीं, पहांटे गच्चीवर बसून त्यांनीं व्हेसुव्हिअस पाहिला आणि "हाच का तो गांव गिळणारा?" असें विचारलें. आमच्या पूर्वजांनीं समुद्रोल्लंघनाला प्रायश्चित्त सांगितलें तें मुख्यतः परक्या अन्नोदकाच्या भीतीनें. आत्यांना रोज वरण-भात मिळत होता आणि कांदा-लसूण नसलेला पदार्थ मागितला तरी कोणी भुंवई वर करीत नव्हतें. चालतीं-बोलतीं धडधाकट माणसें जें पायीं हिंडून मिळवितात तें पंगु माणसाला जहाज देतें. तरुण लेखकांनीं या जलविहाराची टर उडविण्यापूर्वीं घरांतील वडीलधाऱ्यांना एकदां विचारावें.

आमची खोली झाडणारा माणूस गोमंतकांतील सासष्टीचा निघाला. हा योगायोग नव्हे. इंग्रजी कंपन्यांच्या बोटींवर कोंकणांतून खलाशी आणि गोमंतकांतून खानसामे घेण्याची रीत पिढ्यान् पिढ्यांची आहे. मुंबईस धोबीतलावाच्या बाजूला गोमंतकीयांच्या ज्या गांवोगांवच्या 'कुडी' आहेत, तेथें बोटीची वाट पाहणारे तारवटी अल्प भाड्यांत उतरत. याचा आजा आणि बाप तसेच उतरले होते. आत्यांनीं पहिल्याच दिवशीं चौकशी केली. "बाळा, घरीं कोण कोण असतं ?" तो म्हणाला, "बायल आहे, चेडो आहे, आजी. चेडो झाला तेव्हां मी बोटीवर होतों." नेपल्सला तो कितीदां आला याचा त्याच्याकडे हिशोब नव्हता, पाँपेई त्यानें पाहिलेलें नव्हतें. २००६ च्या सागरी श्रमविषयक करारान्वयें खलाशाला आठवड्याकाठीं निदान ७७ तास विश्रांति द्यावी लागते. विश्रांतीचेच तास मोजण्याचा मार्ग जेथें पत्करला आहे तेथें बाकीचे ९१ तास कामाचे होऊं शकतात. ही वजाबाकी आमच्या हिशोबनीस कन्येनें केली आणि ती बराच वेळ गप्प राहिली. या नोकरीवर त्याचें सासष्टींतील घर उभें राहिलें आहे, हेंही त्यानेंच अभिमानानें सांगितलें. तेव्हां कींव करण्याचा अधिकार आम्हांस नव्हता. आत्यांनीं डब्यांतून बेसनाचा लाडू काढून त्याच्या हातावर ठेवला. उतारूंचें कांहीं खाण्याची त्याला मुभा नसावी. त्यानें दाराकडे पाठ करून तो उभ्यानेंच खाल्ला. त्या सात दिवसांत आमच्यापैकीं कोणीं खरोखर आतिथ्य केलें असेल तर तें आत्यांनीं.

लिव्होर्नोच्या दिवशीं त्यांनीं आम्हांस काम सांगितलें. "फ्लॉरेन्सला जातो आहेस, तर महाराजांच्या समाधीवर फूल वाहून ये." कोल्हापूरचे छत्रपति राजाराम महाराज १८७० सालीं इंग्लंडला गेले, परततांना ऐन विशींत, ३० नोव्हेंबर रोजीं, फ्लॉरेन्स येथें त्यांचें देहावसान झालें. प्रेत दहन करण्याची चाल तेव्हां इटलींत नव्हती. तरीही नगराच्या अधिकाऱ्यांनीं खास परवानगी दिली, आणि आर्नो व मुन्योने या नद्यांच्या संगमावर चिता रचली गेली. त्यांची त्या प्रवासांतील इंग्रजी रोजनिशी १८७२ त लंडनला प्रसिद्ध झाली. संगमावर छत्रीखालीं त्यांचा अर्धपुतळा १८७४ पासून उभा आहे. जागा ज्या उद्यानाच्या टोंकाला आहे त्याचें नांव 'काशीने'; आत्यांना त्यांत काशी ऐकूं आली, आणि ती ऐकूं येऊं न देण्याचें आम्हांस कांहीं कारण दिसलें नाहीं. उफ्फीझी चित्रशाळेचें तिकीट सोडून आम्ही व जांवई भाड्याच्या मोटारीनें तिकडे गेलों. जवळच्या मोठ्या पुलाला लोक 'इंदियानो' म्हणतात. एक परका तरुण तेथें आला, त्याला अशी गरज पडली कीं ती भागविण्याला त्या शहराकडे नियम नव्हता, आणि शहरानें ती भागविली. दीडशें वर्षें झालीं तरी तो तेथें पाहुणाच आहे. आमच्या जहाजाच्या सहल-पत्रिकेंत ही जागा नव्हती, तें ठीकच. ती पाहण्याला फ्लॉरेन्सची गरज लागत नाहीं, गरजेची आठवण लागते.

जर्मन तत्त्वज्ञ कांट यानें १७९५ सालीं शाश्वत शांतीवर जो निबंध लिहिला त्यांत आतिथ्याला दया न म्हणतां हक्क म्हटलें आहे. मात्र हा हक्क येऊन भेटण्याचा, घरांत राहण्याचा नव्हे. पृथ्वी गोल आहे, माणसें तिच्यावर अनंत पसरूं शकत नाहींत, म्हणून एकमेकांना सोसणें भाग आहे. परक्याला परत पाठविण्याची मोकळीक तो यजमानाला देतो, पण एका अटीवर : त्यानें त्या परक्याचा नाश होतां कामा नये. ही अट आम्हांस महाविद्यालयांत शिकवितांना नेहमीं तर्कशास्त्रांतील अपवादासारखी वाटे. भूमध्यसमुद्रावर तिला पाण्याची खोली येते. ३ ऑक्टोबर २०१३ रोजीं लाम्पेदूसा बेटाच्या किनाऱ्याजवळ एकच पडाव बुडून ३६८ माणसें गेलीं. २०१४ पासून या समुद्रांत बुडालेल्या व बेपत्ता झालेल्या निर्वासितांची नोंद पंचवीस हजारांच्या पुढें आहे. पालेर्मोच्या दक्षिणेचें पाणी तेंच. आम्ही रात्रीं गच्चीवर संगीत ऐकत होतों.

सप्टेंबर २०१४ मध्यें सायप्रसजवळ एका विहारनौकेनें वाट वांकडी करून बुडण्याच्या बेतांतील पडावावरून ३४५ माणसें उचललीं. बहुतेक सिरियांतील होतीं, त्यांत लेंकुरवाळ्या बायका होत्या. त्या नौकेचें नांव 'सालामिस फिलोक्सेनिया'. फिलोक्सेनिया म्हणजे परक्यावर प्रेम, आतिथ्य. लिमासोल बंदरांत जहाज लागलें तेव्हां बहुतेकांनीं उतरण्याचें नाकारलें. त्यांना इटलीला जावयाचें होतें. कित्येक तास समजूत घातल्यावर तीं माणसें उतरलीं. जहाजावरील हौशी उतारूंची पुढील विमानें चुकलीं असतील, आणि कांहींनीं तक्रारही केली असेल. तशी ती केली तर तिला नीच म्हणण्याची आमची तयारी नाहीं, कारण आम्हीं काय केलें असतें हें आम्हांस सांगवत नाहीं. पण त्या रात्रीं बंदरांत दोन जातींचीं माणसें एकाच जिन्यावर उभीं होतीं. ज्यांची तिथि ठरलेली नव्हती तीं कोणतीं, एवढें तरी ओळखतां येतें.

"मग पुन्हां जायचंच नाहीं का ?" असें कन्येनें विचारलें. जाऊं नये असें आमचें मत नाहीं. पुढील वर्षीं सिसिलींतील एका लहान गांवीं खोल्या घेऊन आठ रात्री राहावें, तेथील बाजारांत भाजी घ्यावी, तेथल्या माणसांना आपलें मोडकें इटालियन सहन करावयास लावावें, असा बेत आम्हीं मांडला आहे. जांवयांनीं चौकशी सुरू केली आहे. घर चांगलें आहे, पण दुसऱ्या मजल्यावर आहे, आणि जिन्याला कठडा नाहीं असें कळतें. आत्यांनीं पायऱ्या किती, तें विचारलें आहे.