परवानगी देणाऱ्यांसमोर बोलताना

राष्ट्रीय उद्यानात संशोधन करायचे तर आधी परवानगी लागते. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार ती राज्याच्या मुख्य वन्यजीव रक्षकांकडून मिळते. परवानगीच्या पाठोपाठ चौकीवर मुक्कामाची सोय होते, वाट दाखवायला वनरक्षक सोबत येतो, जुन्या नोंदवह्या चाळायला मिळतात. काही वर्षांनी तोच संशोधक उद्यानाने भरवलेल्या परिषदेत निष्कर्ष मांडायला उभा राहतो, तेव्हा ज्यांनी त्याला जंगलात जाऊ दिले ते अधिकारी पहिल्या रांगेत बसलेले असतात. पुढची परवानगीही त्यांच्याच सहीने यायची असते. निष्कर्ष त्यांना आवडणारा असेल तर सगळे सुरळीत पार पडते. नसेल तर काय करायचे?

विज्ञानातल्या अप्रामाणिकपणाविषयी आपण बोलतो, तेव्हा बनावट आकडे किंवा उचललेले लेखन डोळ्यांसमोर असते. परिषदेच्या सभागृहात घडते ते याहून सौम्य असते. कोणी खोटे बोलत नाही. फक्त अडचणीचा आलेख शेवटाकडे ढकलला जातो, ‘घट झाली’च्या जागी ‘चढउतार दिसतात’ असे म्हटले जाते आणि वेळ संपल्याची घंटा झाली की वक्ता सुटल्यासारखा खाली उतरतो. ज्याने आपल्यावर उपकार केले त्याचे मन मोडू नये, ही आपल्याकडची शिकवण आहे. घरात, गावात ती शोभतेही. पण जंगलाच्या बाबतीत या मिंधेपणाची किंमत बोलणारा भरत नाही आणि ऐकणाराही भरत नाही. ती जंगलातल्या जनावरांना आणि कडेला राहणाऱ्या माणसांना भरावी लागते.

अमेरिकेतल्या यलोस्टोन उद्यानात हे फार कडू पद्धतीने घडले. फ्रँक आणि जॉन क्रेगहेड या जुळ्या भावांनी १९५९ पासून तिथल्या ग्रिझली अस्वलांचा अभ्यास केला. १९६१ मध्ये त्यांनी एका मादीच्या गळ्यात रेडिओ कॉलर बांधली आणि ग्रिझलीच्या हालचालींचा असा माग पहिल्यांदा काढला. पर्यटकांच्या उष्ट्या-खरकट्याच्या उकिरड्यांवर अस्वलांच्या पिढ्या पोसल्या गेल्या होत्या. उकिरडे बंद झाले पाहिजेत, याबद्दल उद्यान आणि क्रेगहेड यांच्यात वाद नव्हता. अस्वलाने जंगलात जंगलाचे खावे, ही उद्यानाची भूमिका तत्त्वाला धरूनच होती. वाद वेगाचा होता. भाऊ सांगत होते, हळूहळू बंद करा. एकदम केलेत तर भुकेली अस्वले पर्यटकांच्या तळांवर येतील आणि मारली जातील. उद्यानाने घाई केली आणि पुढच्या काही वर्षांत अनेक अस्वले खरोखरच मारली गेली. १९७१ मध्ये उद्यानाने संशोधनाच्या करारात अट घातली, की काहीही प्रसिद्ध करण्याआधी आमची मंजुरी घ्या. भावांनी सही केली नाही. बारा वर्षांचे काम तिथेच थांबले. १९७५ मध्ये अलास्का वगळता अमेरिकेतल्या ग्रिझलीचे नाव कायद्याने धोक्यातल्या प्राण्यांच्या यादीत घालावे लागले.

त्या न केलेल्या सहीबद्दल मला फार आदर वाटतो. तरीही नुसते कौतुक करून पुढे जाऊ नये. सही नाकारणाऱ्याला आपले हयातभराचे क्षेत्र गमवावे लागले आणि ज्या अस्वलांसाठी तो भांडला, त्यांच्याजवळ असण्याचा हक्कही गेला. इतकी मोठी किंमत मागणारी व्यवस्था प्रत्येक तरुण संशोधकाकडून धैर्याची अपेक्षा धरू शकत नाही.

आपल्याकडे मध्य प्रदेशातले पन्ना आहे. रघु चुंडावत तिथे १९९६ पासून वाघांना रेडिओ कॉलर लावून अभ्यास करत होते. पुढे ओळखीचे वाघ दिसेनासे होऊ लागले, तेव्हा त्यांनी धोक्याचा इशारा दिला. वनखात्याने तो मानला नाही. उलट त्यांच्या कामातच अडथळे आले. कागदावर वाघ होतेच. २००९ मध्ये पन्नात एकही वाघ उरला नसल्याचे मान्य करावे लागले. त्याआधी, २००५ मध्ये राजस्थानातल्या सरिस्काने देशाला हाच धक्का दिला होता, म्हणजे धडा समोर असताना हे घडले. यानंतर त्याच वनखात्याने बांधवगड, कान्हा आणि पेंचमधून वाघ आणून पन्ना पुन्हा वसवले. पेंचहून आणलेला नर परत आपल्या घराच्या दिशेने निघाला, तेव्हा कर्मचाऱ्यांनी दिवसेंदिवस त्याचा माग काढला आणि त्याला परत आणले. हे काम थोरच होते. पण इतके कष्ट घेऊ शकणाऱ्या माणसांना एक इशारा ऐकणे इतके अवघड का जावे, हा प्रश्न मला सोडत नाही.

हे टळू शकते, याचा दाखला महाराष्ट्रातच आहे. जुन्नर परिसरात ऊस वाढला आणि उसात बिबटे राहू लागले. शेळी गेली, कुत्रे गेले, कधी माणसावर हल्ला झाला, की गावातून एकच मागणी येई: पिंजरा लावा आणि याला घेऊन जा. वनखाते पिंजरे लावत होते आणि जेरबंद केलेले बिबटे दूरच्या जंगलात सोडत होते. लोकांची मागणी रास्त होती आणि खाते आपले काम करत होते. विद्या अत्रेय यांनी खात्याला सोबत घेऊनच या बिबट्यांचा अभ्यास केला. सोडल्या जाणाऱ्या काही बिबट्यांना ओळखीच्या चिप बसवल्या. त्यातून जे निघाले ते कोणालाच हवे असेल असे नव्हते. १९९३ ते २००१ या काळात माणसांवर वर्षाला सरासरी चार हल्ले होत. मोठ्या प्रमाणावर बिबटे हलवायला सुरुवात झाल्यावर ही सरासरी सतरावर गेली. जीवघेण्या हल्ल्यांचे प्रमाण १८ टक्क्यांवरून ३६ टक्क्यांवर पोहोचले. म्हणजे लोकांच्या भल्यासाठी केलेला उपायच लोकांच्या जिवावर येत असल्याची शक्यता समोर आली. अनोळखी मुलखात सोडलेला, पकडण्याच्या ताणातून गेलेला बिबट्या परतीची वाट शोधतो आणि त्या वाटेवर गावेच गावे असतात.

असा निष्कर्ष हातात असताना थेट परदेशी नियतकालिकाकडे जाणे सोपे होते. त्यावरचा शोधनिबंध आंतरराष्ट्रीय नियतकालिकात आला २०११ मध्ये. राज्याच्या वनखात्याला मात्र अहवाल २००४ मध्येच सादर झाला होता. मला हा क्रम फार मोलाचा वाटतो. ज्याच्या निर्णयाविषयी बोलायचे, त्याला आधी, समोरासमोर आणि त्याचा अपमान न करता सांगायचे. आणि ऐकणाऱ्यांनीही ऐकले. २०११ मध्ये केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाने बिबट्यांबाबत मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यात सरसकट पकडून दुसरीकडे सोडण्याला विरोध होता. त्याच वर्षी बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात तत्कालीन संचालक सुनील लिमये यांनी संशोधक, पत्रकार आणि नागरिकांना एकत्र बोलावून ‘मुंबईकर्स फॉर एसजीएनपी’ हा उपक्रम सुरू केला. उद्यानाच्या प्रमुखानेच संशोधनाला व्यासपीठ दिले.

जुन्नरचा प्रश्न यामुळे सुटला, असे कोणी समजू नये. उसाच्या कडेने शाळेत जाणाऱ्या मुलांच्या आईवडिलांना सरासरी सांगून समाधान होत नाही आणि त्यांनी ते मानावे, असा आग्रह धरण्याचा अधिकार कोणालाही नाही. तिथे संशोधकाला आणखी एक कठीण गोष्ट करावी लागते: आपल्याला कुठपर्यंत कळले आहे आणि कुठून पुढे कळलेले नाही, हे भर गावसभेत सांगायचे. परिषदेत असे सांगितले तर नम्रता दिसते. गावात सांगितले तर शिव्या बसू शकतात. तरीही ते सांगितलेच पाहिजे.

ज्या यलोस्टोनने क्रेगहेड बंधूंना मंजुरीची अट घातली, तिथेच १९९१ पासून त्या परिसराविषयीची वैज्ञानिक परिषद नियमितपणे भरू लागली. संस्था बदलू शकतात. आपल्या उद्यानांच्या परिषदांकडे माझ्या दोनच मागण्या आहेत. संशोधनाच्या परवानगीपत्रात प्रसिद्धीपूर्व मंजुरीची अट असेल तर ती काढावी. शिकारी गैरफायदा घेतील अशा जागा आणि खुणा तेवढ्या झाकाव्यात, निष्कर्ष झाकू नयेत. आणि दीपप्रज्वलन झाले, शाली-श्रीफळ झाले, की पहिली रांग उठून जाते, ती जाऊ नये. दुपारच्या सत्रात, जेवणानंतर, कुठल्याशा महाविद्यालयातली एखादी विद्यार्थिनी पाणवठ्यावरच्या तीन उन्हाळ्यांच्या नोंदी घेऊन उभी राहते. त्या नोंदींत उद्यानाला न आवडणारे काही असेल, तर ते तिने संचालकांना समोर बसवून सांगावे आणि संचालकांनी पहिला प्रश्न विचारावा.