कोळ्याचे पिल्लू : रक्षण की परिग्रह?

पकडून आणलेल्या जीवाचे पालन करणे ही दया होय किंवा नव्हे, हा प्रश्न वरकरणी क्षुल्लक वाटला तरी अहिंसाधर्माच्या मुळाशी जाणारा आहे. नंदुरबार जिल्ह्यात सातपुड्याच्या पायथ्याशी, शहादा-तळोद्याच्या शिवारात, पावसाळा सरू लागला की बांधावरच्या झुडपांतून कोळ्यांची चक्राकार जाळी जागोजागी दिसू लागतात. एखाद्या वासनिकाच्या घरचे मूल त्यांतले एक इवलेसे पिल्लू कौतुकाने बरणीत घालून आणते. हेतू मारण्याचा नसतो, वाढविण्याचा असतो. म्हणूनच येथे विचार करणे अवश्य ठरते.

प्रथम त्या जीवाचा देहधर्म पाहावा. हे पिल्लू शेकडो भावंडांसह एका कोशातून बाहेर पडते, काही दिवस त्यांच्यासह राहते आणि मग स्वतःच सोडलेल्या तंतूच्या आधारे वाऱ्यावर तरंगत दूर जाते. जाळे विणण्यास त्याला कोणी शिकवीत नाही. जुने झालेले जाळे तेच गिळते व नवे विणते. त्याचे अन्न म्हणजे जाळ्यात सापडलेला जिवंत कीटक. अरुंद बरणीत जाळे उभारण्यास अवकाश नसतो आणि जाळ्यावाचून अन्न मिळत नाही. तेव्हा पाळणाऱ्याने चिलटे धरून आत सोडावी लागतात. सोडली तर चिलटांचा घात होतो, न सोडली तर कोळी उपाशी मरतो. दयेने आरंभ केलेल्या कार्यात दोन्हीकडून हिंसाच पदरी येते.

येथे कोणी शंका घेईल की, रानातही कोळी माशा खातोच. शिवाय तेथे कुंभारीण माशी त्याला डंख मारून बधिर करते व आपल्या अळ्यांसाठी मातीच्या घरट्यात कोंडते. मग बरणीत तो अधिक सुरक्षित नव्हे काय? याचे समाधान असे. रानात कोळ्याने माशी धरली तर तो त्याच्या योनीचा भोग होय. कुंभारीण त्याला नेते, तोही तसाच. घरात मात्र कोणते चिलट मरावे हे मनुष्य ठरवितो. विवेकास पात्र असा देह ज्याला लाभला, त्याने केलेल्या निवडीचा दोष त्यालाच लागतो. कोळ्याच्या स्वभावाआड त्याला लपता येत नाही.

दुसरे असे की, शास्त्राने जीवास बद्धमुक्त म्हटले आहे. तो अनादि अविद्येने बांधलेला आहे, तथापि मोक्षास पात्र आहे. स्वतः बद्ध असणाऱ्याने दुसऱ्या बद्धास आणखी एक बंधन घालावे आणि त्यास दया म्हणावे, हे विपरीत होय.

लीळाचरित्रातील सशाची लीळा सर्वांस ठाऊक आहे. पाठलागाने भ्यालेला ससा सर्वज्ञ श्रीचक्रधर स्वामींच्या जानूखाली येऊन दडला. स्वामींनी त्यास पारध्यांपासून राखले आणि भय टळताच जाऊ दिले. त्यांनी तो जवळ ठेवून घेतला नाही. रक्षणाची मर्यादा भय टळेपर्यंत असते, त्यापुढे परिग्रह सुरू होतो. शिवाय ससा आपण होऊन शरण आला होता. कोळ्याचे पिल्लू शरण आलेले नसते, ते धरून आणलेले असते. हा भेद विसरून या लीळेचा आधार घेता येणार नाही.

भागवताच्या एकादश स्कंधात अवधूताच्या चोवीस गुरूंमध्ये कोळी गणला आहे. याच स्कंधावर भास्करभट्ट बोरीकरांनी ओवीबद्ध टीका रचली व साती ग्रंथांत तिची गणना झाली. अवधूताने जे ज्ञान घेतले ते पाहून घेतले. कोळ्याला कोंडून नव्हे.

तरीही पिल्लू घरी आलेच असेल तर काय करावे? ऊन उतरल्यावर ते जेथून आणले त्याच झुडपावर सोडावे. पाऊस कोसळत असेल किंवा पिल्लू कात टाकण्यासाठी तंतूला लोंबकळत निश्चल झाले असेल, तर त्यास हात लावू नये. कात टाकल्यावर त्याचे अंग फार कोवळे असते. तोवर मोठ्या, हवेशीर पेटीत वाळक्या काड्या ठेवून पाण्याचे बारीक तुषार शिंपडावेत. दोन-चार दिवस ते अन्नावाचून तग धरू शकते, म्हणून चिलटे धरण्याचे कारण उरत नाही.

मुलास मात्र रागावू नये. त्याच्या मनात उपजलेली दया खरीच असते. ती ममत्वाकडे वळते की विवेकाकडे, हे वडीलधाऱ्यांच्या हाती असते. त्याच्याच हातून झाकण काढवावे आणि दुसऱ्या दिवशी पहाटे त्यास बांधावर नेऊन नवे जाळे दाखवावे. ‘माझा कोळी’ म्हणणारे मूल ‘तो कोळी’ म्हणू लागले, तर अहिंसेचा पहिला पाठ त्याला मिळाला असे समजावे.