मांगूर मारताना

मांगूर मारायला माझी हरकत नाही. आफ्रिकेतून आलेला आणि बाजारात ‘थाई मांगूर’ म्हणून ओळखला जाणारा हा मासा आपल्या नद्यांत नको, असं माझं आजही ठाम मत आहे. केंद्र सरकारने २००० सालीच त्याच्या पालनावर बंदी घातली. ती कागदावरच राहिली, म्हणून राष्ट्रीय हरित लवादाने जानेवारी २०१९ मध्ये पुन्हा बजावलं. त्यानंतर महाराष्ट्रात चोरून चालणारी तळी उपसली गेली आणि टनावारी मासे खड्ड्यात पुरले गेले. त्या बातम्या वाचताना मला बरं वाटलं होतं. आज तपासायचं आहे ते हे बरं वाटणं. जित्या जिवांचे ढीग पुरले जात असताना मला समाधान कशाचं झालं?

पहिलं उत्तर तयार असतं : देशी मासे वाचावेत म्हणून. माझ्याकडे त्या उत्तराला एक नावही आहे. मी नाशिकरोडला राहतो आणि दारणेचं पाणी पितो. याच दारणेच्या काठी, देवळालीला, एक बोटाएवढा मासा सापडला. सुंदरलाल होरा आणि मिश्र यांनी १९३८ मध्ये त्याचं वर्णन केलं आणि ‘बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटी’चे क्युरेटर प्रेटर यांच्यावरून त्याला ‘पॅराप्सिलोऱ्हिंकस प्रेटरी’ हे नाव दिलं. इंग्रजीत तो ‘देवळाली मिनो’ म्हणून ओळखला जातो. जगाच्या लाल यादीत तो अतिसंकटग्रस्त आहे, म्हणजे वाघापेक्षाही बिकट अवस्थेत. जगभरच्या पुस्तकांत देवळालीचं नाव एका माशाबरोबर छापलं जातं आणि देवळाली कॅम्पात ते कुणाला माहीत नसतं, याचं मला मनापासून वाईट वाटतं. मी हे लोकांना सांगत असतो. सांगून झालं की हमखास पुढचं वाक्य येतं : आणि हे परके मासे आपल्या नद्या खाऊन टाकताहेत.

हे वाक्य खरं आहे का?

पुष्कळसं खरं आहे. मांगूर दिसेल ते खातो. बारके मासे, अंडी, बेडूक, कोंबडीच्या दुकानातली घाण, काहीही त्याला चालतं. हवेतून श्वास घेता येत असल्याने पाण्यातला प्राणवायू संपला तरी तो तगतो आणि ओल्या जमिनीवरून सरपटत एका डबक्यातून दुसऱ्या डबक्यात जातो. तो सुटून नदीत आला की आपला देशी मांगूर, मरळ, लहानसहान चिंगळ्या यांची धडगत नसते. चिलापीचंही तसंच. १९५२ मध्ये गरिबांचं अन्न म्हणून ती भारतात आणली गेली. मादी अंडी-पिल्लं तोंडात सांभाळते, वारंवार विते, आणि तळ्यात एकदा शिरली की तळं तिचंच होतं.

पण देवळालीच्या त्या माशाच्या जातकुळीचं घर खळाळत्या पाण्यात असतं. हे मासे धारेत खडकाला धरून राहतात. मांगूर राहतो संथ, गढूळ, सडक्या पाण्यात. ज्या दारणेत मांगूर सुखाने राहू शकतो, त्या दारणेत हा मासा मांगूर येण्याच्या आधीच जगेनासा झालेला असणार. म्हणजे माझ्या मनात मी जी मारामारी लावून दिली आहे, ती पाण्यात बहुतेक होतच नाही. मासा एका कारणाने जातो आणि मी दोष दुसऱ्यावर ठेवतो. का ठेवतो, ते मला कळत नाही असं मी म्हणू शकत नाही.

दारणा धरण १९१६ मध्ये पूर्ण झालं. त्याचं पाणी नदीवाटे नांदूर मध्यमेश्वरच्या बंधाऱ्यापर्यंत जातं आणि तिथून कालव्यांनी कोपरगाव-राहात्याकडे. पुढे मुकणे आलं, भावली आलं. आवर्तन सुटलं की नदी दोन थड्या भरून वाहते, बंद झालं की डोहाडोहांत तुटते. शहराजवळ वालदेवी सांडपाणी घेऊन येते आणि चेहेडीला, जिथून आमच्या नळाचं पाणी उचललं जातं, तिथेच दारणेला मिळते. गोदावरीची कथा वेगळी नाही. वर गंगापूर धरण, शहरातून नासर्डी आणि वाघाडी यांची घाण, त्यावर माजलेल्या पाणवेली. रामकुंडाच्या परिसरात तर नदीचा तळच काँक्रीटखाली गेला. या यादीत मांगूर कुठे बसतो? सर्वांत शेवटी. त्याच्यासाठी जागा आम्ही करून ठेवली, मग तो आला.

दारणेवर जाळं टाकणाऱ्या एका भोई काकांना मी एकदा मोठ्या आवेशात विचारलं होतं, की मांगूर मिळाला तर परत सोडत नाही ना? ते म्हणाले, “सोडतो कशाला? इकतो. पण भाऊ, पानी खेळतं ऱ्हायलं तर त्यो टिकंल का हितं? डबक्याचा मासा हाये त्यो. येप्रिलात या, मंग दावतो नदी.” मी एप्रिलात गेलो. त्यांनी वेगळं काही दाखवलं नाही, दाखवण्यासारखं काही नव्हतंच. हिरवट, उभं पाणी आणि वास.

अमेरिकेत कॅलिफोर्नियात असाच वाद झाला. तिथे पट्टेदार बास हा मासा मूळचा नाही. १८७९ मध्ये पूर्व किनाऱ्यावरच्या न्यू जर्सीतून रेल्वेने नेऊन तो सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीत सोडला. तो तिथला झाला, लोकांचा आवडता झाला, आणि एकाने किती पकडावेत याची मर्यादा घालून सरकार त्याला जपू लागलं. दरम्यान तिथला खरा रहिवासी, साल्मन, घटत गेला. मग मागणी आली, की बासवरची मर्यादा सैल करा, लोकांना जास्त पकडू द्या, म्हणजे साल्मनची पिल्लं वाचतील. २०१२ मध्ये तिथल्या मत्स्य आयोगाने ती फेटाळली. बास साल्मनची पिल्लं खातो हे खोटं नव्हतं. पण मागणीचा उगम होता एका खटल्याच्या तडजोडीत, आणि तो खटला लढवला होता त्याच खोऱ्यातलं पाणी पंपांनी दक्षिणेकडे नेणाऱ्यांच्या बाजूने. गळ टाकणारे म्हणाले, साल्मनचं पाणी तुम्ही नेता आणि फाशी आमच्या माशाला देता. १९४५ मध्ये पूर्ण झालेल्या शास्ता धरणामुळे साल्मनच्या वरच्या अंगाच्या विणीच्या जागा कायमच्या तुटल्या, हे दोन्ही बाजूंना ठाऊक होतं.

हे वाचताना मी आधी गळवाल्यांच्या बाजूने होतो. मग लक्षात आलं, की नाशिकमध्ये मी गळवाला नाही. मी पंपवाला आहे. माझ्या घरात सकाळी नळ सोडला की दारणा येते. आमच्या जिल्ह्याची द्राक्षं, ज्यांचा मला अभिमान आहे, तीही पाण्यावरच उभी आहेत. परक्या माशाचा मला आलेला राग खरा असेल, पण तो मला परवडणारा राग आहे. मांगूर मारण्यात माझं काहीही जात नाही. जातं ते तळं उपसल्या गेलेल्या माणसाचं आणि मांगुराचं.

‘देशी’ या शब्दाबद्दलही मला थोडं थांबावं लागतं. खडशी, म्हणजे दख्खनचा महसीर, आपला मासा. साइक्सने १८३९ मध्ये त्याचं वर्णन पुण्याजवळच्या मुळा-मुठेतल्या माशावरून केलं. लोणावळ्याला टाटांच्या केंद्रात त्याची पैदास सुरू झाली, आणि ते चांगलंच काम होतं. पण तिथली बोटुकली कावेरीत सोडली गेली आणि तिथे खडशीने कावेरीच्या स्वतःच्या, कुबड्या महसीराची जागा घेतली. त्या कुबड्याला नेमकं शास्त्रीय नाव मिळालं २०१८ मध्ये. तोवर तोही अतिसंकटग्रस्त झाला होता. इथे जपायचा मासा तिथे मांगूर ठरला. आपल्या धरणांत दरसाल सोडले जाणारे रोहू-मृगळही उत्तरेतल्या नद्यांचेच, त्यांच्याविषयी माझ्या तोंडून कधी अवाक्षर निघालेलं नाही. तेव्हा ‘परका’ म्हणून राग येतो हे कारण मला स्वतःला तरी देता येणार नाही. राग असलाच तर तो एका नदीतला जीव त्या नदीतून कायमचा पुसला जाण्याचा असायला हवा. आणि तसा तो असेल, तर तो मला माझ्यासमोरही धरावा लागेल.

तरी मांगूर मारायचा का? हो. तळ्यातला तर मारायचाच, नदीतला सापडला तर परत सोडायचा नाही. वाईटाच्या मागून आलेला जीवही वाईट करू शकतो, आणि उद्या पाणी सुधारलं तर परतणाऱ्या माशांच्या वाटेत तोच बसलेला असेल. पण मारताना त्याला गुन्हेगार म्हणायचं नाही. त्याने येण्याचं ठरवलं नव्हतं. आणि ज्याचं तळं उपसलं त्याला दुसरं काय पाळता येईल, हे त्याच्या दारात जाऊन सांगणाऱ्याचा पगारही त्याच कारवाईच्या खर्चात धरायचा.

दारणेबद्दल पालिकेला आणि पाटबंधारे खात्याला द्यायच्या निवेदनाचा मसुदा आमच्या काही जणांत फिरतो आहे. त्यात पहिली मागणी परक्या माशांच्या बंदोबस्ताची होती. मी ती तिसरी केली. पहिली केली वालदेवीच्या सांडपाण्याची. दुसरी, आवर्तन नसतानाही उन्हाळाभर धरणातून थोडं पाणी नदीसाठी म्हणून सोडावं, ही. तिच्याखाली एक ओळ घातली : यासाठी एप्रिल-मेमध्ये नाशिकरोडला एक दिवसाआड पाणी आलं तरी आम्हाला मान्य आहे. ‘आम्हाला’ लिहिताना हात अडला. घरात विचारलं. बायको म्हणाली, “मला चालेल, पण वरच्या मजल्यावरच्या आजींना विचारा, त्यांना बादल्या उचलवत नाहीत.” आजींना अजून विचारलेलं नाही. तोपर्यंत तिथे ‘मला’ लिहिलं आहे आणि सही केली आहे.